रिपोर्ट नॉर्मल, पण गाठ हाताला लागते!

‘डॉक्टर, मॅमोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल आला. आता काही करायला नको ना?’ मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. आजचा लेख त्या एकाच प्रश्नाविषयी आहे, कारण एकदा मी स्वतःच त्याचे चुकीचे उत्तर दिले होते.

चव्वेचाळीस वर्षांच्या एक बाई आल्या होत्या. डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ, दुखत मुळीच नव्हती. मॅमोग्राफी करून आणली. संशयास्पद काही आढळले नाही, असा अहवाल होता. तो वाचून मी म्हणालो, ‘ताई, काळजीचे कारण दिसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.’ त्या सात महिन्यांनी आल्या. गाठ लिंबाएवढी झाली होती आणि काखेतही एक गाठ लागत होती. तुकडा काढून तपासला, तो कर्करोगाचा निघाला. मग मी जुना अहवाल पुन्हा वाचला. तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की, हाताला गाठ लागत असल्यास या अहवालावर विसंबून पुढील तपासणी लांबवू नये. ती ओळ मी वाचलीच नव्हती. (बाईंच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. त्या आज बऱ्या आहेत, पण शस्त्रक्रिया मोठी करावी लागली आणि केमोथेरपीही.)

असे का होते? मॅमोग्राफी म्हणजे स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून काढलेला क्ष-किरण फोटो. त्यात चरबी काळसर दिसते, तर दुधाच्या ग्रंथी आणि तंतू पांढरे. कर्करोगाची गाठही पांढरीच! तरुण वयात ग्रंथी दाट असतात, त्यामुळे गाठ शोधणे म्हणजे दुधात पडलेला तांदळाचा दाणा शोधण्यासारखे होते. पाळी गेल्यावर ग्रंथी आटतात, चरबी वाढते आणि फोटो अधिक स्पष्ट येतो. अमेरिकेतील अनुभव असा की, तपासणीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या दर पाच कर्करोगांपैकी सुमारे एक मॅमोग्राफीतून निसटतो. दाट स्तनांत हे प्रमाण आणखी वाढते. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात आढळतो, म्हणून ही गोष्ट आपल्याला अधिक लागू आहे.

उलट चूकही होते. तिकडे नियमित तपासणी करून घेणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी दहाएक जणींना पुन्हा बोलावले जाते आणि त्यांतील बहुतेकींना कर्करोग नसतोच. पण तोवर झोप उडते ती उडतेच.

तरीही मॅमोग्राफी टाकाऊ नव्हे. मिठाच्या कणांसारखे क्षाराचे बारीक ठिपके, जे कित्येकदा रोगाची पहिली खूण असतात, ते तिच्याइतके चांगले सोनोग्राफीत दिसत नाहीत. सोनोग्राफीचा गुण निराळा. गाठ पाण्याची की भरीव, हे ती सांगते आणि दाट स्तनांत तिचा उपयोग होतो. मात्र ती करणाऱ्याचा हात आणि नजर तयार हवी. एमआरआय सर्वांत तीक्ष्ण, पण साध्या गाठीही त्यात संशयास्पद दिसू शकतात. आई, बहीण, मावशी अशा अनेकींना हा रोग झालेला असेल किंवा बीआरसीए जनुकात दोष आढळला असेल, तर तिचा विशेष उपयोग. पेट स्कॅन हा रोग शरीरात कुठवर पसरला हे पाहण्यासाठी आहे. लहान गाठ त्यात चुकू शकते. शिबिरांतून स्तनाची उष्णता मोजणारा कॅमेरा लावतात, तो मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली दिला आहे.

अहवालात ‘बाय-रॅड्स’ असा शब्द आणि पुढे ० ते ६ पैकी आकडा असतो. येथे फार घोटाळा होतो. शून्य म्हणजे ‘काही नाही’ नव्हे! तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी, असा त्याचा अर्थ. १ आणि २ म्हणजे कर्करोगाची खूण नाही. ३ असल्यास बहुधा निर्धोक, पण साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. ४ आणि ५ म्हणजे बायॉप्सी. ६ हा आकडा कर्करोग आधीच सिद्ध झालेला असतो तेव्हा.

गाठ हाताला लागत असेल तर मात्र नुसता आकडा पुरत नाही. डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, फोटो आणि जरूर तेथे सुईने काढलेला तुकडा, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. एकानेही शंका घेतली तर शोध चालू ठेवायचा. सुई टोचली की कर्करोग पसरतो, या समजुतीपायी किती जणी दिवस घालवतात!

हाताच्या तपासणीला कमी लेखणाऱ्यांनी आपल्या मुंबईतलेच एक काम पाहावे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, हाताने स्तन तपासले. मॅमोग्राफी सरसकट केली नाही. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. वाढलेल्या अवस्थेत सापडलेले रोगी तपासलेल्या गटात ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र असा निश्चित फायदा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तालुक्याच्या गावी मॅमोग्राफीचे यंत्र नसेल, पण शिकलेला हात नर्सताईंकडे असू शकतो.

मॅमोग्राफीला जाताना काही गोष्टी सांभाळाव्यात. पाळी चालू असेल तर ती सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांच्या सुमारास जावे, म्हणजे दाबल्यावर कमी दुखते. त्या दिवशी काखेत पावडर वा सुगंधी फवारा लावू नये. त्याचे कण फोटोत क्षारासारखे दिसतात. गाठ लागत असेल तर तंत्रज्ञाला बोटाने जागा दाखवावी. आणि नुसता अहवालाचा कागद नव्हे, जुन्या फिल्मा अथवा सीडीही बरोबर न्यावी, कारण दोन वर्षांपूर्वी जे नव्हते ते आज आहे का, हे जुना फोटो शेजारी ठेवूनच कळते.