हजरत अस्मा (रजि.) यांच्या शेजारणी

हजरत अबू बक्र सिद्दीक (रजि.) यांची कन्या हजरत अस्मा (रजि.) हिजरत करून मदीनेत आल्या, तेव्हा त्यांचे पती हजरत जुबैर (रजि.) यांच्याजवळ एक घोडा आणि पाणी वाहणारा एक उंट यांखेरीज काहीही नव्हते. जमीन नव्हती, नोकर नव्हता. घोड्याला चारा घालणे, पाणी आणणे, फाटलेली चामड्याची बादली शिवणे, पीठ मळणे ही सारी कामे त्या स्वतः करीत. दूरच्या जमिनीवरून खजुराच्या बिया डोक्यावर वाहून आणीत. हे सर्व सांगत असताना त्या एक कबुली देतात. पीठ मळता येत असे, पण भाकरी चांगली भाजता येत नसे. ती शेजारच्या अन्सारी स्त्रिया भाजून देत. त्या शेजारणींविषयी त्या पुढे एवढेच म्हणतात की त्या खऱ्या, निष्ठावंत बायका होत्या. ही हदीस सहीह बुखारीच्या ‘किताबुन निकाह’मध्ये आहे.

वाचकहो, या हदीसवर आम्ही इमाम मंडळी पुष्कळ बोलतो. पत्नीचे कष्ट, पतीचा स्वाभिमान, घरकामाची जबाबदारी असे विषय त्यातून निघतात. भाकरीचे वाक्य मात्र घाईने मागे पडते. मीही अनेक वर्षे ते तसेच मागे टाकले. वस्तुतः हजरत अस्मा (रजि.) यांचा नवा संसार परक्या गावात सुरू झाला होता आणि तो उभा राहण्यास शेजारच्या अंगणातील हातांची मदत झाली, हे त्या स्वतः सांगत आहेत. आपल्या वाशीम जिल्ह्यात रिसोडला हिंगोलीची मुलगी सून म्हणून येते, कारंजाला यवतमाळची येते. तिचे आई-वडील दूर, पती दिवसभर कामावर. तिला भाकरी भाजून देणारी शेजारीण कोण, हा प्रश्न आपण निकाह ठरवताना कधी विचारतो काय?

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका गावी मी नव्याने इमामत स्वीकारली होती. असरच्या नमाजनंतर एका घराच्या अंगणात आठ-दहा स्त्रिया बसत. कोणी तुरीची डाळ निवडी, कोणी शिवण घेऊन येई. काही पुरुषांनी माझ्याकडे तक्रार केली की तेथे केवळ चहाड्या चालतात. मी चौकशी केली नाही. पुढच्या जुमाला ‘सूरह हुजुरात’ची बारावी आयत घेऊन गीबतीवर कठोर भाषण केले आणि स्त्रियांनी आपापल्या घरात राहावे, असे सांगितले. बैठक बंद झाली. पुरुषांनी माझे कौतुक केले. त्यांतील कित्येक जण तेथून उठून चहाच्या टपरीवर गेले आणि इशापर्यंत गावातील प्रत्येक घराची चर्चा करीत बसले, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

त्याच पावसाळ्यात त्या गल्लीतील एक सून बाळंत झाली. काही दिवसांनी ती बोलेनाशी झाली. अन्न टाकले. बाळ रडले तरी उठत नसे. सासू वृद्ध, मुलगा बाहेरगावी. तीन आठवडे ही गोष्ट घराबाहेर कोणालाच कळली नाही. अखेर सासू माझ्याकडे पाणी दम करून घेण्यासाठी आली. तिच्यासोबत शेजारची एक वयस्क खाला होती. ती मला म्हणाली, “इमामसाब, आधी बायका बसत होत्या. ही दोन दिवस दिसली नसती, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी घरात जाऊन पाहिलं असतं.” मुलीला माहेरी नेण्यात आले, डॉक्टरांचा उपचार झाला आणि अल्लाहच्या कृपेने ती बरी झाली. पण खालाच्या त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मी आयत खरी वाचली होती. तिचा वापर चुकीचा केला होता. गीबत हराम आहे, ती स्त्रियांना जितकी तितकीच पुरुषांना. पण गीबत हराम आहे म्हणून एकत्र बसणे हराम होत नाही. ‘सूरह निसा’च्या ११४ व्या आयतीत लोकांच्या बहुतेक गुप्त मसलतींत भलाई नसल्याचे सांगताना अल्लाहने तीन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या काढल्या आहेत: दान देण्यास सांगणे, सत्कर्मास प्रवृत्त करणे आणि लोकांत समेट घडवणे. म्हणजे बैठकीची पारख तिच्यात काय बोलले जाते यावरून होते.

सीरतमध्ये पाहिले तर अशा बैठकी जागोजागी आढळतात. हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर तोहमत घेतली गेली, तेव्हा त्या रडत होत्या आणि आई-वडील जवळ बसले होते. अशा वेळी एका अन्सारी स्त्रीने आत येण्याची परवानगी मागितली. ती आली, जवळ बसली आणि त्यांच्यासोबत रडू लागली. तिने काही सल्ला दिल्याचे रिवायतीत नाही, तिचे नावही नाही. पुढे निर्दोषत्वाच्या आयती अवतरल्या, सारे वादळ शमले, तरी हजरत आयेशा (रजि.) ती कथा सांगताना त्या स्त्रीला वगळत नाहीत. याच हजरत आयेशा (रजि.) यांच्या नात्यात कोणाचा मृत्यू झाला की जमलेल्या स्त्रिया परत गेल्यानंतर त्या घरच्या व अगदी जवळच्या स्त्रियांसाठी ‘तलबीना’ शिजवून घेत. पिठाची ही पातळ लापशी दुःखी मनाला आराम देते, असे त्यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडून ऐकले होते. आणि हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतरही पैगंबर (स.) बकरी जिबह करीत, तेव्हा तिचे मांस हजरत खदीजा (रजि.) यांच्या मैत्रिणींकडे पाठवीत. पत्नीच्या मैत्रिणींचा एवढा मान! आपल्यापैकी किती पतींना पत्नीच्या मैत्रिणींची नावे तरी ठाऊक आहेत?

इद्दतबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात याबाबत मोठा गैरसमज आहे. पती वारल्यावर स्त्रीची इद्दत चार महिने दहा दिवसांची, आणि ती गरोदर असल्यास प्रसूतीपर्यंतची. या काळात तिने शृंगार करू नये, दुसरा निकाह करू नये व रात्र आपल्या घरीच काढावी. काही घरांत मात्र तिला अंधाऱ्या खोलीत बसवतात, शेजारणींना येऊ देत नाहीत, तिने कोणाशी बोललेलेही चालत नाही. याला शरीअतमध्ये कोणताही आधार नाही. ही केवळ रूढी आहे. उहुदच्या युद्धात ज्यांचे पती शहीद झाले, त्या स्त्रियांनी एकटेपणाची तक्रार केली, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना एकीच्या घरी जमून बोलत बसण्यास आणि झोपेची वेळ झाली की आपापल्या घरी परतण्यास सांगितले, अशी रिवायत हजरत मुजाहिद यांच्याकडून आली आहे. ती मुर्सल आहे, म्हणजे तिच्या सनदेत सहाबींची कडी नाही. तरीही फुकहांनी इद्दतच्या प्रकरणात ती घेतली आहे. आज एखाद्या शेतकऱ्याची विधवा कर्जाच्या विचारात चार महिने भिंतीकडे पाहत बसते. तिच्याकडे जाऊन बसणे हे पुण्यकर्म आहे, आणि तिला कोणी भेटू नये म्हणून दार लावणारा तिच्यावर जुलूम करतो.

शेजारीण मुस्लिमच असली पाहिजे असेही नाही. शेजाऱ्याचा हक्क धर्म विचारून ठरत नाही. आपल्या महाराष्ट्रातच याचे उदाहरण आहे. पुण्यात फुले दांपत्याच्या कार्यात फातिमा शेख सहभागी होत्या. त्यांच्याविषयी कागदोपत्री फार थोडे शिल्लक आहे. पण सावित्रीबाई फुले आजारपणात नायगावला भावाकडे होत्या, तेव्हा १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतिरावांना जे पत्र लिहिले, त्यात फातिमाचा उल्लेख आहे. आपण पुण्यात नसल्याने फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे ते लिहिणे आहे. आजारी माणसाला दूर गावी ज्या मैत्रिणीची काळजी वाटते आणि जिच्याविषयी एवढी खात्रीही असते, त्या मैत्रिणीची योग्यता सांगण्यास मोठ्या चरित्राची गरज पडू नये.

भगिनी मला आणखी एक प्रश्न नेहमी विचारतात, तो भिशीचा. बचत गटात अंतर्गत कर्जावर व्याज घेतले जाते, म्हणून कित्येक जणी त्यापासून दूर राहतात. मग भिशीचे काय? दहा जणींनी दरमहा समान रक्कम द्यावी आणि पाळीपाळीने एकीने ती सर्व उचलावी, कोणालाही दिल्यापेक्षा अधिक अथवा कमी मिळू नये, तर हे एकमेकींना दिलेले बिनव्याजी कर्ज होय आणि ते जायज आहे. हा प्रश्न नवा नाही. हिजरी ८२६ मध्ये वारलेले कैरोचे शाफई विद्वान वलीउद्दीन इराकी यांच्यापुढेही तो होता. त्यांच्या हवाल्याने अल्लामा कल्यूबी लिहितात की स्त्रियांत अशी प्रथा प्रसिद्ध असून ती जायज आहे. सुमारे सहाशे वर्षांपूर्वी मिसरच्या स्त्रिया भिशी लावीत होत्या! मात्र बोली लावून, तोटा सोसून आधी रक्कम उचलण्याची जी पद्धत आहे, ती व्याजच होय. तिच्यापासून दूर राहावे. हिशेबाची वही ठेवावी, कारण उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश ‘सूरह बकरह’मध्ये आहे आणि मैत्री आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

बैठकीत ऐकलेली घरची गोष्ट ही अमानत आहे. ती दुसऱ्या गल्लीत पोहोचली की बैठक संपलीच समजा, मग इमामाने बंद करण्याची गरज उरत नाही.

ती मुलगी माहेरून परतल्यानंतरच्या जुमाला मी मिंबरवरून सांगितले की मागे मी दिलेला सल्ला चुकीचा होता आणि त्याबद्दल मी त्या गल्लीतील भगिनींची माफी मागतो. दोन-तीन वृद्धांना ते आवडले नाही. त्या आठवड्यात अंगणात कोणीही बसले नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. तिसऱ्या आठवड्यात माझी पत्नी सुपात तूरडाळ घेऊन तेथे एकटीच जाऊन बसली. खाला आल्या. मग आणखी एक. रमजानच्या आधी शेवया करण्यासाठी त्या जमल्या, तेव्हा अकरा जणी होत्या. असरनंतर त्या गल्लीतून पुरुषांनी विनाकारण ये-जा करू नये, एवढे आता मी सांगत असतो.