वजनकाटा जे सांगत नाही : शालेय व्यायाम आणि किशोरवयीन शरीर

रुग्णावर उपचार करणे हे रुग्णालयाचे प्रथम कर्तव्य होय. तथापि रोग होऊच नये यासाठी लोकशिक्षण करणे हेही तितकेच अगत्याचे आहे. या भूमिकेतून प्रस्तुत टिपण सादर करीत आहोत.

मुलांना घेऊन येणारे पालक बहुधा एकच प्रश्न विचारतात, "याचे वजन किती हवे?" परंतु वजन ही केवळ बेरीज आहे. हिशेबात जशी एकूण रकमेची फोड पाहावी लागते, तशीच शरीरात चरबी किती आणि स्नायू व हाडे किती, हे पाहावे लागते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, मात्र शरीरातील चरबी डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांनीही गाफील राहू नये, हाच याचा बोध.

किशोरवयात ही फोड झपाट्याने बदलते. मुलांचे स्नायू वाढतात; मुलींच्या शरीरात काही चरबी निसर्गतःच वाढते, त्यात गैर काही नाही. या वयात धावणे, दोरीवरच्या उड्या, जोर-बैठका, खो-खो असा नियमित व्यायाम घडल्यास चरबीला आळा बसतो, स्नायू व हाडे बळकट होतात. स्नायू वाढल्यामुळे काट्यावरील आकडा कदाचित फारसा हलणार नाही. म्हणून निराश होऊ नये.

स्वित्झर्लंडमधील १५ शाळांतील पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. सुमारे सात व अकरा वर्षांच्या ज्या मुलांना वर्षभर रोज व्यायामाचा तास मिळाला, त्यांच्या त्वचेखालील चरबी इतरांच्या तुलनेत कमी राहिली व दमसास वाढला. उपक्रम थांबल्यानंतर तीन वर्षांनी दमसासाचा लाभ टिकून होता. चरबीबाबतचा लाभ मात्र ओसरला होता. व्यायाम ही मुदत ठेव नव्हे. हप्ता नित्य भरावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षे वयोगटासाठी दररोज सरासरी ६० मिनिटांचा व्यायाम सांगितला आहे. दहावीच्या वर्षी मात्र शारीरिक शिक्षणाचा तास बहुधा गणिताला दिला जातो. तो तास वाचवावा, अशी पालकांना व शाळांशी संबंधित असलेल्या आमच्या देणगीदारांना नम्र विनंती.