फळीवरची बाटली

ताईंनो, या महिन्यात स्वयंपाकघराची फळी एकदा रिकामी करा. डबे-बाटल्या खाली उतरवून तीन वाटे करा: रोज लागणारं, सणासुदीला लागणारं आणि नको असलेलं. रोजचं हाताशी, सणाचं माळ्यावर.

आता बाटल्या नीट बघा. फवारणीचं औषध किंवा रॉकेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलंय का? लेकरं सरबत समजून पितात. औषध मूळ डब्यातच, लेबलसकट, घराबाहेर कुलपात ठेवा. रिकामा डबा पाण्याला, धान्याला वापरू नका.

कुणी प्यायलंच तर उलटी करवू नका. १०८ ला फोन लावा, औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं सांगायचं: फळीवर काय सापडलं?