गोल छत्रीखालची जमीन

आमचा वाशीमचा मुलूख काळ्या मातीचा. जोंधळा हुरड्यात आला म्हणजे पाखरे राखण्यासाठी शेतात जो माळा उभारीत, त्यावरून गोफण टाकून सरळ खाली उडी घेणे हा लहानपणी आमचा रोजचा परिपाठ होता, आणि त्या उडीत प्रत्येक पोर स्वभावतःच खाली पाही, पाय टेकण्याजोगी जागा हेरी व एक पाय दुसऱ्याच्या आधी पुढे करी. पुढे मी हवाई छत्रीच्या पलटणीत दाखल झालो आणि आग्ऱ्याच्या प्रशिक्षणशाळेत पाच उड्या पुऱ्या करून पंखांचे चिन्ह मिळविले. परंतु माळ्यावरची ती सवय पायांतून गेली नव्हती, हे मला नवव्या उडीत कळले. ज्यांच्या हाती भरतीचा हुकूम नुकताच पडला आहे, त्यांच्यासाठी ती हकीकत लिहितो.

हल्लीचे हौशी उडीबहाद्दर जी चौकोनी छत्री वापरतात, तिला पंखासारखा आकार असतो. जमीन जवळ येताच दोन्ही हातांनी दोऱ्या खाली ओढल्या की तिची गती मंदावते आणि माणूस पायरीवरून उतरावा तसा उभा उतरतो. आमची गोल छत्री हे करू शकत नाही. ती केवळ हवा अडवते, वारा नेईल तिकडे वाहते आणि सेकंदाला सुमारे 5 ते 6 मीटर वेगाने, शेवटपर्यंत त्याच वेगाने, खाली येते. सव्वा मीटरपासून जवळजवळ दोन मीटरपर्यंतच्या भिंतीवरून उडी घेतल्यास जो आघात बसेल तेवढा हा आघात, आणि त्यात वाऱ्याचा आडवा रेटा निराळा. तो आघात सोसण्याचे साधन एकच, ते म्हणजे आपले शरीर.

विमानातून साडेबाराशे फुटांवर बाहेर पडल्यावर छत्री उघडल्याचा हिसका बसतो, मग जी शांतता पसरते ती इतकी गाढ असते की खालची शेते, बांध, रस्ते जणू चितारल्यासारखे स्थिर दिसतात आणि आपण मुळी उतरतच नाही असा भास होतो. हा भास मिनिटभरच टिकतो. शेवटच्या शंभर-दीडशे फुटांत जमीन एकाएकी वर धावून येते. गवताची पाती वेगळी दिसू लागतात, आणि त्या क्षणी मन पायांना हुकूम करते की जा, तिला गाठा.

मी तो हुकूम मानला. मी खाली पाहिले, डावा पाय ताणून पुढे केला, गुडघा ताठ झाला, आणि नांगरटीच्या वाळल्या ढेकळावर शरीराचा सारा भार त्या एका घोट्याने घेतला. हाड मोडल्याचा आवाज मला कानांनी नव्हे, पायातून ऐकू आला. उस्तादांनी शिकविण्यात काही कसूर ठेवली नव्हती. कसूर माझ्या नजरेची होती.

म्हणून सांगतो, जमीन जवळ येऊ लागली की नजर क्षितिजावर, एखाद्या दूरच्या झाडाच्या शेंड्यावर खिळवावी. घोटे आणि गुडघे एकमेकांना असे चिकटवावे की मध्ये कागद ठेवला तर पडू नये. गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीशी, कोपरे आत. चवडे टेकताच वारा नेईल त्या अंगाला शरीर सैल सोडावे, म्हणजे पोटरी, मांडी, कुल्ला आणि पाठीची बाजू क्रमाने मातीला लागून आघात वाटला जातो. हात टेकून पडणे सावरू जाल तर मनगट जाईल. छत्री झोके घेत असेल तर आघात दुणावतो, म्हणून वरच असताना पट्टे ओढून झोका मोडावा.

पडल्यावर काम संपले असे मात्र समजू नये. वारा असेल तर छत्री पुन्हा फुगते आणि माणसाला फरफटत नेते. मी मोडक्या घोट्यानिशी बांधापर्यंत गेलो तो असाच. धडधाकट माणसाने झटकन उठून, धावत छत्रीला वळसा घालून, वारा जिकडे जातो त्या अंगाला जावे. उठणे अशक्य असेल तर खालच्या दोऱ्या हाताखाली हात घेत ओढून तिची कड आत आणावी.

पाण्याची धास्ती याहून वेगळी. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जुन्या तिसऱ्या पलटणीची पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. बांगलादेशाच्या युद्धात, 11 डिसेंबर 1971 रोजी सायंकाळी, ती टांगाईलजवळ छत्र्यांनी उतरली आणि तिने पुंगलीचा पूल काबीज केला. त्या मुलुखात तळी फार, आणि काहींना जमिनीऐवजी पाणीच भेटले. अंगावर शस्त्र, दारूगोळा आणि ओली छत्री असताना पोहणाऱ्यालाही गुडघाभर पाणी पुरे.

आमच्या आळीतला एक मुलगा पुढल्या महिन्यात आग्ऱ्याला जाणार आहे. परवा खळ्यात बैलगाडीच्या साट्यावरून त्याच्याकडून मी तीस-चाळीस उड्या मारून घेतल्या. पहिल्या दहांत तो प्रत्येक वेळी खाली पाहत होता. मी शेजारी बसून फक्त त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिलो. ऊन उतरताना, शेवटच्या काही उड्यांत, त्याची नजर बांधावरच्या चिंचेच्या शेंड्यावर ठरली, आणि त्याचे दोन्ही घोटे एकाच वेळी मातीत टेकले.