तेल टेबलावर, डाग कपड्यावर

घरगुती शिलाई कारखान्यात सर्वांत स्वस्त वस्तू कोणती, असे विचारले तर कारागीर मशीनचे तेल दाखवील. परंतु हेच तेल टेबलावर गळू लागले की ते सर्वांत महाग पडते. पांढऱ्या कुर्त्यावर रुपयाएवढा डाग पडला की तो माल विकाऊ राहत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी. शिवायला दिलेला माल घराघरांत जातो. तेथे जे पाहिले आणि ठेच लागून जे शिकलो, ते येथे मांडत आहोत.

काही वर्षांपूर्वी ईदच्या तोंडावर आम्ही एका वयस्कर कारागिराकडे पांढरे कुर्ते शिवायला दिले. माल परत आला तेव्हा ११ नगांवर तेलाचे डाग होते. आम्ही फारशी विचारपूस न करता मजुरीतून पैसे कापले. पुढच्या खेपेसही तोच प्रकार झाला. तेव्हा आम्ही स्वतः घरी गेलो. चाचा म्हणाले, "सेठ, रोज सकाळी टेबल पुसतो, संध्याकाळी पुन्हा ओले होते." मशीनचे डोके उचलून पाहिले, तर खालच्या तेलाच्या तबकात तेल वरच्या खुणेच्याही वर भरलेले! मशीन आम्हीच हप्त्याने दिली होती आणि तबक आमच्याच माणसाने भरले होते; जास्त तेल घातले की मशीन जास्त टिकते, अशी त्याची समजूत. चूक आमची आणि दंड कारागिराला! कापलेले पैसे आम्ही परत केले. परंतु त्या वेळी त्यांची ईद तंगीत गेली, ती काही परत देता आली नाही.

यातून पहिला धडा असा की, टेबल पुसणे हा गळतीवरचा इलाज नव्हे. आधी गळती कोठून होते ते शोधावे.

१) गळती शोधणे : मशीन व टेबल पूर्ण कोरडे पुसावे. खाली कोरा पांढरा कागद पसरून रात्रभर ठेवावे. सकाळी थेंब जेथे पडला असेल तेथून वर पाहत जावे. तेल खाली उतरते. म्हणून सर्वांत वरची ओली जागा हेच बहुधा गळतीचे मूळ असते. वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई कपड्याला लागते.

२) तेलाचे माप : मोटारीवर चालणाऱ्या ज्या मशीनला खाली तबक असते, त्यात वरची व खालची अशा दोन खुणा असतात. तेल त्यांच्या दरम्यान असावे. मशीन दुसरीकडे न्यायची असेल तर आधी तेल काढून घ्यावे, नाही तर ते वाटेत सांडते. शटलमधून तेल उडते असा संशय आल्यास मशीन थोडी चालवून गरम करावी, मग शटलजवळ कोरा कागद सुमारे ५ सेकंद धरावा. कागदावर बारीक रेघ उमटली तर ठीक. जाड पट्टा उमटला तर मिस्त्रीकडून तेलाचा स्क्रू कमी करून घ्यावा. हात बोटे सांभाळून ठेवावा.

३) साधी पायमशीन : प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब पुरेत. तेल सकाळी काम सुरू करताना न घालता रात्री काम आटोपल्यावर घालावे आणि दाबपट्टीखाली चिंधीची घडी ठेवावी. जादा तेल रात्रीतून चिंधीत उतरते. सकाळी पहिली शिलाई दुसऱ्या चिंधीवर मारावी. खोबरेल किंवा गोडेतेल घालू नये. ते चिकट होऊन धूळ धरते.

४) टेबल : लाकूड तेल पिते आणि नंतर वर ठेवलेल्या कापडाला ते देते. तेल मुरले असेल तर लाकडाचा भुसा किंवा खडूची पूड रात्रभर पसरावी, सकाळी झाडून साबणाच्या पाण्याने पुसावे. नीट वाळल्यावर वर सनमाईका बसवावी. तेलाची कुप्पी टेबलावर आडवी ठेवू नये. काठ असलेल्या पत्र्याच्या ताटलीत उभी ठेवावी. तेलकट चिंध्या झाकणाच्या डब्यात, इस्त्रीपासून दूर ठेवाव्यात. सफाईसाठी पेट्रोल किंवा थिनर घरात वापरू नये. आगीचा धोका असतो.

५) डाग पडलाच तर : इस्त्री मुळीच फिरवू नये, उष्णतेने डाग पक्का होतो. घासूही नये. दोन्ही बाजूंनी खडूची पूड दाबावी, अर्ध्या तासाने झटकून भांड्यांच्या पातळ साबणाने धुवावे. डाग गेला याची खात्री झाल्यावरच इस्त्री करावी. पॉलिएस्टर तेल घट्ट धरते, म्हणून तेथे उशीर करू नये.

शिवायला आलेले कापड ही दुसऱ्याची अमानत आहे, हे कारागीर बंधूंनी ध्यानात ठेवावे. डाग दिसताच लपवू नये, सांगावे. आणि व्यापारी बंधूंना आमचे सांगणे एवढेच की, मजुरी कापण्यापूर्वी एकदा कारागिराच्या घरी जाऊन मशीनखाली डोकावून पाहावे. गळती कधी कधी आपल्याच हातून सुरू झालेली असते.