घटक ४ : क्षेत्रभेटीचे वर्णन – घाटमाथ्यापासून उन्हाळ्यापर्यंत

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस,
• क्षेत्रभेटीच्या वर्णनातील निरीक्षण, माहिती आणि समजूत हे तीन स्तर वेगळे करता येतील;
• भूरूपे आणि पाण्याची उष्णता यांविषयीच्या मराठी शब्दांमधील अर्थच्छटा सांगता येतील;
• ‘ज्वालामुखी’, ‘लाव्हारस’, ‘उन्हाळे’ यांसारख्या शब्दांची घडण स्पष्ट करता येईल;
• एका दिवसाच्या भेटीवर आधारित नेमके वर्णन लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, क्षेत्रभेटीचे वर्णन हा लेखनप्रकार वरवर सोपा वाटतो. जे पाहिले ते लिहावे, एवढेच त्यात आहे असे आपण समजतो. प्रत्यक्ष लिहायला बसल्यावर मात्र ध्यानात येते, की ‘पाहिलेले’, ‘ऐकलेले’ आणि ‘पूर्वीपासून ठाऊक असलेले’ यांची आपल्या मनात सरमिसळ झालेली असते. ही सरमिसळ सोडवणे हे या घटकाचे मुख्य काम आहे.

त्यासाठी आपण एक प्रत्यक्ष मार्ग निवडू. सकाळी कोयनानगरहून निघून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरायचे, तेथून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे आरवली आणि तुरळ येथील गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी पोहोचायचे आणि सायंकाळी परतायचे. सोबत एक माहीतगार मार्गदर्शक आहे असे समजा. त्याचे बोलणे ऐकायचे, पण लिहिताना प्रत्येक वाक्याची जबाबदारी आपली आहे हे विसरायचे नाही.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ घाटमाथा : पायऱ्यांचा डोंगर

घाटमाथ्यावरून समोरची डोंगररांग पाहा. उभा काळा कडा, त्याखाली झाडीने भरलेला उताराचा पट्टा, पुन्हा कडा, पुन्हा उतार. डोंगर जणू पायऱ्यापायऱ्यांनी रचलेला आहे. भूशास्त्रात या खडकांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातील ‘डेक्कन’ हे ‘दक्षिण’ या शब्दाचे प्राकृतातून पुढे गेलेले रूप. ‘ट्रॅप’ हा स्वीडिश भाषेतील पायरीवाचक शब्दावरून आलेला. दोन दूरच्या भाषांतील शब्द आपल्या डोंगराचे नाव होऊन एकत्र नांदत आहेत.

आता मराठीकडे वळू. ‘कडा’ आणि ‘पदर’ हे शब्द सह्याद्रीत राहणाऱ्या माणसांनी रोजच्या वापरासाठी घडवले. कडा म्हणजे जेथून उतरता येत नाही ती उभी भिंत. पदर म्हणजे कड्याखालची झाडीची, वस्तीला व वाटेला जागा देणारी पट्टी. लाव्हाच्या थरातील घट्ट भाग झिजायला कठीण, म्हणून तो कड्याच्या रूपाने उभा राहतो. वायूच्या पोकळ्यांनी भरलेला सच्छिद्र भाग लवकर झिजतो, म्हणून तेथे उतार तयार होतो. भूशास्त्राने जो भेद नंतर सांगितला, तो वाट शोधणाऱ्या पायांना आधीच कळला होता. म्हणून वर्णनात ‘उंचच उंच डोंगर’ असे लिहिण्यापेक्षा ‘दोन कड्यांच्या मधल्या पदरात’ असे लिहिले, तर एका शब्दात चित्र आणि माहिती दोन्ही येतात.

४.२.२ घाट उतरताना : नसलेले मुख

मार्गदर्शक सांगू लागतो, “हा सगळा ज्वालामुखीचा दगड.” हे विधान खरे आहे, पण ‘ज्वालामुखी’ हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे शंकूसारखा पर्वत आणि त्याच्या शिखरावरचे धगधगते तोंड येते. ते चित्र शब्दानेच आपल्याला दिले आहे : ज्वाला आणि मुख. दख्खनमध्ये मात्र सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जे घडले, त्यात लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज हे थर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर आढळतात. उलटपक्षी, हिमाचल प्रदेशातील प्रसिद्ध ज्वालामुखी मंदिरात ज्वाला आहेत. पण त्या खडकातून येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या आहेत. तेथे नाव आहे आणि ज्वालामुखी नाही. येथे ज्वालामुखीचे कार्य आहे आणि मुख नाही. शब्दाची व्युत्पत्ती आणि वस्तूची वस्तुस्थिती यांत असे अंतर पडू शकते, हे अभ्यासकाने ओळखले पाहिजे.

‘लाव्हारस’ हा शब्दही पाहण्याजोगा आहे. ‘लाव्हा’ इटालियनमधून इंग्रजीवाटे आलेला, ‘रस’ संस्कृत. अशा शब्दाला आपण संकरित सामासिक शब्द म्हणतो. मराठीने परका शब्द घेतला आणि त्याला ‘रस’ जोडून त्याचा प्रवाही गुण लगेच समजेल अशी सोय केली.

सह्याद्रीच्या घाटांत रस्त्यासाठी तोडलेल्या दरडीत काही ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीची पट्टी दिसते. एक थर थंड झाल्यावर त्याच्या पृष्ठभागाची झीज होऊन माती बनली आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावरून वाहिला. ती पट्टी म्हणजे दोन उद्रेकांमधला विसावा. कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला. पुढे तेथील भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधन केले असता सुमारे ९३० मीटर खोलीवर बसाल्ट संपून त्याखालचा ग्रॅनाइट लागला. आपण ज्यावर उभे आहोत तो काळा कातळही एका जुन्या भूमीवर पसरलेला आहे.

घाट संपताच दगडाचा रंग बदलतो. चिपळूणकडे घरांच्या भिंतींत तांबूस, छिद्रांचा ‘जांभा’ दिसू लागतो. भरपूर पाऊस आणि उष्णता यांमुळे मूळ खडकातील विरघळणारी द्रव्ये निघून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली. त्यातून जांभा तयार झाला. त्याचे तोडलेले ठोकळे म्हणजे ‘चिरे’, आणि त्याचे सपाट, उघडे पठार म्हणजे ‘सडा’.

४.२.३ उन्हाळे : एका शब्दाची किंमत

मराठीत गरम पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ असा जुना शब्द आहे. संस्कृत ‘उष्ण’पासून प्राकृत ‘उण्ह’ आणि त्यापासून मराठी ‘ऊन’ असा हा प्रवास. हाच ध्वनिबदल ‘कृष्ण – कण्ह – कान्हा’ आणि ‘तृष्णा – तण्हा – तहान’ यांतही आढळतो. राजापूरजवळचे उन्हाळे, उत्तर रत्नागिरीतील उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव, नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर ही सारी गरम पाण्याच्या झऱ्यांची ठिकाणे आहेत. नकाशावर झरा दाखवलेला नसला, तरी नाव त्याची खूण सांगते. याउलट, आपल्या न्हाणीघरातील ‘गिझर’ हा शब्द आइसलँडमधील ‘गेसिर’ या उसळत्या झऱ्याच्या नावावरून इंग्रजीमार्गे आला. आपले झरे तसे हवेत उसळत नाहीत. ते पाझरतात, बुडबुडतात.

पाणी किती गरम, हे सांगण्यासाठी मराठीत शब्दांची उतरंडच आहे. ‘कोमट’ म्हणजे जेमतेम गरम. ‘ऊन’ म्हणजे सुखद गरम (‘ऊन ऊन भात’ आठवा). ‘कढत’ म्हणजे अंगाला न सोसणारे. ‘आधण’ म्हणजे शिजवण्यासाठी चुलीवर ठेवलेले उकळीचे पाणी. कढत पाणी अंगावर घेता यावे म्हणून त्यात मिसळायचे थंड पाणी म्हणजे ‘विसण’. या उतरंडीत ‘उष्ण’ हा शब्द कोठे बसतो? तो कोठेच बसत नाही. तो सर्व पायऱ्यांना लागू पडतो, म्हणून कोणतीही एक पायरी सांगत नाही.

हे मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी प्रौढ विद्यार्थ्यांचा एक गट घेऊन मी या भागातील एका कुंडापाशी गेलो होतो. मार्गदर्शक मागे राहिला होता, म्हणून सूचना मीच दिली : “येथील पाणी उष्ण आहे. कृपया दक्षता घ्यावी.” वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. तरीही दिवसभर चालून पाय दुखत असलेल्या एका विद्यार्थिनीने पाय शेकावेत म्हणून कुंडात पाऊल टाकले. पाऊल घोट्यापर्यंत पोळले. तिच्यामागून आणखी एक जण पाय पुढे करणार, तोच कपडे धुवायला आलेल्या एका वृद्ध बाई ओरडल्या, “कढत!” सगळे जागच्या जागी थांबले. त्या बाईंनी एक शब्द वापरला. मी सहा-सात वापरले होते. ज्या भाषेवर मी पदवी मिळवली, त्या भाषेतला हवा तो शब्द त्या क्षणी माझ्याजवळ नव्हता. नंतर त्या विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, तुम्ही घरी पाण्याला उष्ण म्हणता का?” याचे उत्तर मला देता आले नाही.

आरवलीचे पाणी तुलनेने सौम्य आहे; तुरळचे पाणी मात्र ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि तेवढ्या तापमानाला काही सेकंदांतच त्वचा पोळते. म्हणून वर्णनात अंशांचा आकडाही द्यावा आणि ‘कढत’ हा शब्दही द्यावा. आकडा डोक्याला कळतो, शब्द पायाला कळतो.

४.२.४ दिसते, आहे, म्हणे

आता मुख्य मुद्दा. कुंडाशी उभे राहून तीन प्रकारची वाक्ये कानी येतात.

पहिले : “पाण्यातून वाफ निघताना दिसते.” हे निरीक्षण आहे.

दुसरे : “हे पाणी पावसाचेच आहे.” ही माहिती आहे आणि तिला आधार हवा. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांतून वर येते. जमिनीत खाली जावे तसे तापमान दर किलोमीटरला सरासरी २५ ते ३० अंशांनी वाढते. कोकणात जमिनीलगतचे तापमान २७ अंश धरले, तर पाणी ६० अंशांपर्यंत तापण्यासाठी ते किमान सव्वा किलोमीटरच्या आसपास खोल गेले असले पाहिजे; वर येताना ते थोडे निवतही असणार, म्हणजे खोली याहून अधिकच.

तिसरे : “खाली अजून ज्वालामुखी जागा आहे, म्हणून पाणी तापते, म्हणे.” ही समजूत आहे. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवला. ‘गंधकामुळे पाणी गरम होते’ ही अशीच दुसरी समजूत. पाण्याला गंधकयुक्त वायूचा वास येऊ शकतो. पण तो वास पाणी तापवत नाही.

समजूत खोटी ठरली म्हणून ती वर्णनातून वगळावी काय? नाही. झऱ्याशी जोडलेली कथा, श्रद्धा, स्नानाची रीत हे सारे त्या स्थळाचेच अंग आहे. ते त्याच्या जागी, त्याच्या नावाने यावे. यासाठी मराठीने ‘म्हणे’ हा एक उत्तम शब्द दिला आहे. ‘म्हणे’ लावले, की वक्ता सांगतो : हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. त्यात अवमान नाही, प्रामाणिकपणा आहे. ‘म्हणे’ गाळला, की ऐकीव गोष्ट ‘आहे’च्या पंक्तीला जाऊन बसते आणि पुढचा वाचक ती खरी मानून चालतो.

४.३ सारांश

क्षेत्रभेटीचे वर्णन लिहिताना स्थानिक शब्द हे केवळ अलंकरण नसते; कडा, पदर, सडा, कढत, विसण या शब्दांत पिढ्यांचे निरीक्षण साठलेले असते. शब्दाची व्युत्पत्ती रंजक असली, तरी ती वस्तुस्थितीचा पुरावा नव्हे. ‘दिसते’, ‘आहे’ आणि ‘म्हणे’ यांची जागा ओळखून लिहिणे, हेच नेमक्या वर्णनाचे मर्म होय.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘ज्वालामुखी’ या शब्दाने मनात उभे राहणारे चित्र आणि दख्खनमधील उद्रेकाचे स्वरूप यांतील फरक स्पष्ट करा.
२. ‘उष्ण’ व ‘कढत’ या शब्दांच्या अर्थव्याप्तीची तुलना करा.
३. ‘म्हणे’ या शब्दाचे वर्णनपर लेखनातील कार्य सोदाहरण लिहा.

४.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावाजवळचा एखादा झरा, टेकडी, खाण वा विहीर निवडा. तेथे दगड, माती व पाणी यांसाठी वापरले जाणारे किमान दहा शब्द वडीलधाऱ्यांना विचारून टिपा. त्यानंतर ३०० शब्दांत वर्णन लिहा आणि प्रत्येक वाक्यापुढे समासात ‘दिसते’, ‘आहे’ किंवा ‘म्हणे’ अशी खूण करा. ज्या वाक्यापुढे कोणती खूण करावी हे ठरत नसेल, ते वाक्य पुन्हा लिहा.