दिव्यांग बालकाचे प्रमाणपत्र व शिक्षकाचे टिपण

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य असून, पुष्कळशा सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. ते देण्याचा अधिकार शासननियुक्त वैद्यकीय प्राधिकाऱ्यासच आहे. शिरूर-दौंडकडील पालक त्यासाठी मजुरी बुडवून औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी जातात. तेथे डॉक्टर मुलास घटकाभर पाहतात. आपण वर्षभर पाहतो. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी पालकांजवळ तारीखवार टिपण द्यावे : मूल फळ्यावरील अक्षर किती अंतरावरून वाचते, मागून हाक मारल्यास वळते काय, पायरी कशी चढते. रोगाचे नाव वा टक्केवारी मात्र लिहू नये. तो निर्णय डॉक्टरांचा. निर्णय अमान्य असल्यास अपील करता येते, हेही पालकांस समजावून सांगावे. आपल्या चार ओळींअभावी कोणतेही बालक हक्कास मुकू नये.